आधी व्हरांड्यात ओरडून या

कोकरे सर गेल्याची बातमी सरांच्याच फोनवरून आली, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. सकाळचे अकरा वाजले होते. यवतला ज्या पॅकहाऊसमध्ये मी काम करते तिथं ढोबळी मिरचीच्या खोक्यांवर लेबलं लावायचं काम चाललं होतं, आणि परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवायची मेल मी तिसऱ्यांदा वाचत होते. फोन वाजला. सरांच्या नंबरवरून मेसेज, इंग्रजीत. आमचे वडील आज पहाटे गेले, माती गावी नदीवर दुपारी तीन वाजता, सगळ्यांनी यावं. एवढाच मजकूर. लिहिणाऱ्याचं नाव नाही. आणि तिन्ही वाक्यांच्या शेवटी तीन-तीन उद्गारचिन्हं. ज्या माणसानं शाळेच्या सहा वर्षांत आमच्या वहीतलं एकेक उद्गारचिन्ह संशयितासारखं उभं करून तपासलं, त्याच्या नंबरवरून एका दमात नऊ. मी मनाशी म्हटलं, हे सर नाहीत, आणि हे सरांच्या घरचंही कुणी नाही. कुणीतरी फोन हॅक केलाय.

संशय घ्यायला कारण होतं, नाही असं नाही. महिनाभरापूर्वीच आमच्या शेठच्या मेव्हण्याचा फोन कुणीतरी असाच ताब्यात घेऊन 'दवाखान्यात आहे, ताबडतोब मदत करा' असे मेसेज गावभर पाठवले होते, आणि मेव्हणा त्या वेळी शेतात झेंडू तोडत होता. तरी मी लगेच निकाल दिला नाही. सरांना फोन लावला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा एका परक्या पुरुषाचा घोगरा आवाज आला, "अभी बात नहीं हो पाएगा मैडम, बाद में कीजिए," आणि फोन बंद. झालं. माझी खात्री पटली. सरांच्या बायकोकडे, काकूंकडे, मोबाइल नाही, त्यांच्या मुलीचा, स्वातीचा, नंबर माझ्याकडे नव्हता. आमच्या दहावीच्या वर्गाचा एक ग्रुप आहे, त्याचं नाव 'बिनसरांचा वर्ग'. सरांना त्यात घेतलेलं नाही, कारण तिथं आम्ही हवं तसं इंग्रजी लिहितो. त्यावर मी लिहिलं, सरांचा फोन हॅक झालाय, मी फोन करून खात्री केलीय, परका माणूस बोलतोय, कुणी जाऊ नका. शिरूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा आमचा बाळू, त्यानं तेवढ्यात शटर अर्धं ओढलंसुद्धा होतं. त्यानं विचारलं, "शितल, नक्की का?" मी लिहिलं, "शंभर टक्के."

संध्याकाळी सहा-सव्वासहाला बाळूचा फोन आला. मातीहून परतणारं कुणीतरी त्याच्या दुकानापाशी चहाला थांबलं होतं. बाळू नुसता म्हणाला, "सर खरंच गेले गं..." आणि फोन ठेवला. तेवीस जणांच्या त्या ग्रुपवरचं एकही माणूस मातीला गेलं नव्हतं. एकही.

माझा स्वभाव जन्मजात संशयी. माझा नवरा म्हणतो, ही प्रसादाच्या शिऱ्याचासुद्धा आधी वास घेईल. दूधवाला हसला तरी मला वाटतं आज पाणी जास्त आहे. पण या स्वभावाला शिस्त लावली ती कोकरे सरांनी. इनामगावच्या पुढं, घोड नदीच्या काठाला आमची शाळा. सर त्याच भागातले, त्यांच्या वाडवडिलांनी मेंढरं वळली. त्यांचे वडीलही उमेदीत कोकणापर्यंत मेंढरं घेऊन जायचे, मग चार एकर रानाला पाणी आलं आणि घर एका जागी थांबलं. घरात पहिला पदवीधर झालेला हा माणूस, आणि शिकला काय तर इंग्रजी. उंच, काटकुळे, पांढरा शर्ट, खिशाला एकच पेन, तेही लाल. वर्गात पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर उद्गारचिन्ह काढलं आणि विचारलं, "काय दिसतंय?" कुणी म्हणालं बॅट-बॉल, कुणी म्हणालं थेंब. सर म्हणाले, "मला तर ही बापाची काठी दिसती, आन् खाली मेंढराची लेंडी." वर्ग हसून लोळला. तेव्हापासून आमच्या शाळेत त्या चिन्हाचं नाव काठी-लेंडी. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर एका पोरीनं तेच नाव सांगितलं होतं, आणि सरांनी मान डोलावली होती.

त्यांचा नियम साधा होता आणि तो मी दुसऱ्या कुठल्या शाळेत ऐकला नाही. इंग्रजी निबंधात, पत्रात, गोष्टीत काठी-लेंडी द्यायची असेल, तर ते वाक्य आधी व्हरांड्यात जाऊन, मैदानाकडं तोंड करून ओरडून यायचं. पूर्ण आवाजात. ओरडताना लाज वाटली तर चिन्ह खोडायचं. नाही वाटली तर ठेवायचं. बाकी नियम-बियम ते नंतर सांगत, पण आधी हे. "आधी व्हरांड्यात ओरडून या," हे वाक्य आम्ही इतकं ऐकलं की आमच्या घरच्यांनाही पाठ झालं. माझ्या 'माय मदर'वरच्या निबंधात पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं की माझी आई फार कष्टाळू आहे, आणि पुढं काठी-लेंडी. मी व्हरांड्यात गेले आणि जीव तोडून ओरडले, "माय मदर इज व्हेरी हार्ड वर्किंग." शाळेला लागूनच आमचं शेवंतीचं वावर. आई खुरपं हातात घेऊन बांधावरून धावत आली, काय झालं पोरीला म्हणून. इंग्रजीतलं तिला फक्त 'मदर' कळलं होतं. सरांनी तिला समजावलं, "काही झालं न्हाई वैनी, ती तुमचं कौतुक करती." आई म्हणाली, "आवं मग हळू करावं की." सर वर्गाकडं वळून म्हणाले, "ऐकलं? व्याकरण झालं आजचं."

आणखी एकदा बाळूनं गोष्टीत साप आणला. व्हरांड्यातून तो तीनदा "स्नेक" म्हणून बोंबलला. शिपाईमामा समोर झाडत होते, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. बाळू खट्टू होऊन परत आला. सर म्हणाले, साप खरा असता तर तू मराठीत ओरडला असतास, म्हणजे तुझा साप खोटा आहे, खोड. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा आम्हाला ते काटेकोर न्यायालय वाटायचं. वर्षाच्या शेवटी आमच्या वह्यांत काठी-लेंडी शोधावी लागायची. हळूहळू आम्हाला ती दुसऱ्यांच्या लिहिण्यातही खटकायला लागली. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिकांच्या इंग्रजी बाजू, क्लासच्या जाहिराती. सर म्हणायचे, जो माणूस साधी गोष्ट ओरडून सांगतो, त्याच्या पिशवीत काय आहे ते बघावं. एकदा मी त्यांना विचारलं होतं, सर, पण ओरडणारा खरंही बोलत असेल ना? त्यांनी लाल पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "माझा बाप वर्षात एखाद्या वेळंला वरडायचा. जवा वरडायचा तवा कुत्री, माणसं, सगळी पळत जायची. रोज वरडला असता तर कुणी उठलं नसतं." माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, हे मला आत्ता कळतं. तेव्हा मी मान हलवून खाली बसले.

मी लग्न होऊन यवतला आले आणि पॅकहाऊसमध्ये इंग्रजी मेल लिहायच्या नोकरीला लागले, ती सरांच्याच जिवावर. सुरुवातीलाच एक मोठं गिऱ्हाईक आलं, हॉलंडचं. त्या बाईच्या प्रत्येक मेलमध्ये काठी-लेंडी. माल मिळाला, काठी-लेंडी. आभारी आहे, काठी-लेंडी. शुभ शनिवार-रविवार, त्यालाही. मी शेठला सांगितलं, ही पार्टी मला बरी दिसत नाही. शेठ घाबरले. मी सरांना फोन करून मेल वाचून दाखवल्या. सर म्हणाले, "सरळ माणूस एवढ्यातेवढ्याला वरडत न्हाई. जपून राहा." आम्ही पहिली खेप दोन आठवडे अडवून धरली. पुढं ती बाई सहा वर्षं माल घेत राहिली. एक तक्रार नाही, एक खोटा शब्द नाही. एकदा ती यवतला येऊनही गेली. प्रत्यक्षातही ती तशीच बोलायची, कांदाभजी खाऊन हात उडवत, डोळे मोठे करून. तिला खरोखरच प्रत्येक गोष्टीचा आनंद व्हायचा. मी सरांना हे कळवलं तेव्हा ते म्हणाले, "हॉलंडमध्ये इंग्रजी कच्चं असंल." दोघंही हसलो. तो विषय तिथंच संपला. खरं तर मी तेव्हाच ओळखायला हवं होतं की नियम सरांच्या वर्गासाठी होता, सगळ्या जगासाठी नव्हता.

पण नियम खरा ठरल्याचीही उदाहरणं होती, म्हणून तर तो डोक्यात पक्का बसला. निवृत्तीनंतर सरांनी कारेगावात घर बांधलं, वर चार खोल्या काढल्या आणि कारखान्यात कामाला येणाऱ्या पोरांना भाड्यानं दिल्या. खाली ओट्यावर खुर्ची टाकून ते बसायचे. कुणाला रजेचा अर्ज हवा, कुणाला नोटिशीचं उत्तर, कुणाला गावाकडच्या बँकेला पत्र. सर लिहून द्यायचे. बदल्यात काही घ्यायचे नाहीत, फक्त त्या माणसाला ते पत्र मोठ्यानं वाचायला लावायचे. वरच्या खोलीत बिहारचा रामप्रवेश राहायचा. त्याला एकदा परदेशात नोकरी लागल्याचं पत्र आलं. सबंध पानभर अभिनंदन आणि ओळीओळीला काठी-लेंडी. तो पेढे घेऊनच खाली आला. सरांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. म्हणाले, "राजीनामा दिया क्या?" तो म्हणाला, कल देंगे. सर म्हणाले, "चार दिन रुक. इतना चिल्लाके कोई नौकरी नहीं देता रे." तो रागावला, तणतणला, पण थांबला. चौथ्या दिवशी त्या एजंटाचं ऑफिस बंद. त्याच्याबरोबरचे दोघं राजीनामा देऊन बसले होते. तेव्हापासून रामप्रवेश सरांना बाबूजी म्हणायला लागला.

फोनवरचा तो घोगरा आवाज त्याचा होता. हे मला दहाव्याला कळलं. सर पहाटे पाच वाजता ओट्यावरच कोसळले होते. रामप्रवेश रात्रपाळीहून येत होता, त्यानंच त्यांना उचललं, रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं, परत आणलं. निरोप गेल्यावर दिवसभर फोनही त्याच्याच हातात होता. रडून रडून त्याचा आवाज बसला होता. मी त्या आवाजाला परका माणूस म्हटलं आणि उरलेल्या बावीस जणांना तसं लिहून कळवलं. मी फोन करून खात्री केली, असंही लिहिलं. खात्री मी केलीच नव्हती. खात्री करायची तर गाडीला किक मारून निघायचं होतं, दीड-दोन तासांचा रस्ता होता, तीनच्या आत मी नदीवर पोहोचले असते. बातमी खोटी निघाली असती तर फार तर एक दिवस वाया गेला असता, आणि सरांच्या ओट्यावर चहा पिऊन परत आले असते.

दहाव्याला आम्ही गेलो. तेवीसपैकी एकोणीस. घोडच्या काठाला पिंड ठेवले होते, कावळा शिवायची वाट बघत माणसं गटागटानं उभी होती. काकू बायकांच्यात बसल्या होत्या. आम्ही पुढं झालो तशी त्यांनी एकेकाकडं पाहिलं. त्या सगळ्यांना ओळखतात. आमच्यातल्या निम्म्यांनी त्यांच्या हातची बाजरीची भाकरी खाल्लेली आहे. "आज बरी आली सगळी," त्या म्हणाल्या. "मातीला कुणी न्हाई आलं त्ये?" बाळू माझ्याकडं न बघता म्हणाला, "काकू, उशिरा कळलं." काकूंनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि पुढच्याला विचारलं. तोही तेच म्हणाला. अठरा जणांनी एकच उत्तर दिलं. कुणी माझं नाव घेतलं नाही. काकूंनी शेवटी माझ्याकडं पाहिलं. "सगळ्यास्नी येकदमच उशिरा कळलं व्हय गं शितल? स्वातीनं तर येकाच टायमाला धाडला हुता निरोप." मी म्हणाले, "हो काकू... रेंज नव्हती." यवतला, हायवेवर, रेंज नव्हती. मी आयुष्यात इतकं वाईट खोटं बोललेले नाही, आणि काकूंनी ते खोटं आहे हे लगेच ओळखलं, असं मला अजूनही वाटतं. पण त्यांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. त्या शेजारच्या बाईला म्हणाल्या, "तीनाची माती साडेचारला केली आम्ही. भावकी म्हणत हुती उरका, ऊन हाय, माणसं ताटकळल्याती. मी म्हणलं थांबा, त्यांची पोरं येत्याली. इतकी वर्सं शिकिवलं, येत्याल की." मग पदरानं तोंड पुसलं. "मास्तर कडक हुतं. पोरांच्या मनात राग असंल. असू दे."

मी मनाशी हिशेब केला. दीड तास. वाळूत, उन्हात, सरांना तसंच ठेवून काकू दीड तास रस्त्याकडं बघत होत्या. आणि आम्ही आलो नाही याचा अर्थ त्यांनी असा लावला की सरांवर कुणाचं प्रेमच नव्हतं. मी तिथंच सांगायला हवं होतं. काकू, ही पोरं निघाली होती, बाळूनं शटर ओढलं होतं, यांचा काही दोष नाही. ओठांपर्यंत आलंही होतं. पण तेवढ्यात कावळा शिवला, सगळे उठले, आणि मला पळवाट मिळाली.

नंतर विहिरीपाशी सरांची मुलगी स्वाती भेटली. ती पुण्यात असते. लहान असताना आमच्याच शाळेत होती, आमच्या चार वर्षं मागं. मी तिला विचारायला नको होतं, पण माझ्या जिभेला कुठं हाड. म्हटलं, "स्वाती, त्या मेसेजमध्ये तू तीन-तीन काठी-लेंड्या का दिल्यास गं?" तिनं चटकन वर पाहिलं. "का? तू का विचारतेस?" मी म्हटलं, "सहज." तिनं तांब्या भरून घेतला. मग म्हणाली, मी बाबांना असेच मेसेज करायचे, मुद्दाम. आठवण येते, लवकर भेटू, सगळ्याला तीन-तीन. एकदा त्यांना शंका आली की ही एवढी ओरडतेय म्हणजे सासरी काहीतरी बिनसलंय आणि दडवतेय. न सांगता एसटीत बसले आणि पुण्यात माझ्या दारात हजर. घरभर फिरून बघितलं, माझ्या नवऱ्याला एकट्याला गाठून प्रश्न विचारले. मी हसून हसून बेजार झाले, आणि मग मला रडू आलं. म्हटलं, "बाबा, तुमची आठवण येते हेसुद्धा आता पुराव्यानिशी सांगायचं का?" तेव्हा ते एसटीनं परत गेले. पण त्यानंतर त्यांनी मला कधी एकही खोडायला सांगितलं नाही... असं म्हणून ती घोटभर पाणी प्यायली. "आणि त्या दिवशी काय देऊ मग? बाप मेला, आणि मी टिंब देऊन मोकळी होऊ? आधी ओट्यावर उभी राहून ओरडले मी, शितल. सगळी कारेगावची गल्ली गोळा झाली. मग लिहायला बसले."

म्हणजे ती चिन्हं सरांच्या नियमानं बरोबर होती. एखादंही खोडता आलं नसतं. मला आठवतं, त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली ती फसल्याची नाही. ती याची, की मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लिहिण्यावर ती काठी घेऊन उभी राहिले, आणि ओरडणाऱ्याकडं धावत जायचं असतं, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग मी सोयीनं विसरले. खोटं पकडण्यात एक मजा असते, हुशारी असते. खऱ्यासाठी मात्र उठावं लागतं. हे सरांनी मला शिकवलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. त्यांनी मेंढरांमागं हिंडणाऱ्या बापाचं सांगितलं होतं, मीच त्यातलं हवं तेवढं घेतलं.

त्यानंतर पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी दोनदा कारेगावला जाऊन आले, दोन्ही वेळा सांगायचंच असं ठरवून. पहिल्यांदा काकूंकडं त्यांच्या बहिणी बसल्या होत्या. दुसऱ्यांदा, म्हणजे परवाच्या रविवारी, त्या एकट्याच होत्या, आणि तरीही मी सांगितलं नाही. झालं असं. दार उघडंच होतं. आतून काकूंचा आवाज येत होता, कुणाशी तरी बोलल्यासारखा, संथ. मला वाटलं पाहुणे आहेत, म्हणून मी ओट्यावरच थांबले. नेहमीप्रमाणं संशय आलाच, की हे काय चाललंय. डोकावून पाहिलं तर खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. खिडकीपाशी सरांची वेताची खुर्ची, पाठीवर त्यांचा टॉवेल तसाच. समोर काकू खाली बसून, चष्मा लावून, रविवारची पुरवणी मोठ्यानं वाचत होत्या. ओळीखाली बोट फिरवत, जोडाक्षरापाशी अडत, पुन्हा मागं जात.

मला बघून त्या लाजल्या. चष्मा काढला. म्हणाल्या, "मागल्या वर्सापास्नं त्यास्नी बारीक दिसत नव्हतं. मी वाचून दाखवायची आन् ते चुका काढायचे. सवय लागलीया बग. मनात वाचलं तर मला काय कळतच न्हाई." मग त्यांनी मला बसायला पाट दिला, खुर्ची दिली नाही, आणि चहा टाकायला उठल्या. मी पाटावर बसले. पुरवणीची घडी खुर्चीकडं तोंड करून ठेवलेली. चहा पिताना काकू पुन्हा तोच विषय काढून म्हणाल्या, "शितल, तू खरं सांग. पोरं माझ्या मास्तरावर खरंच नाराज हुती का गं?" मी म्हटलं, "नाही हो काकू, कसली नाराज..." "मग आली का न्हाईत?" मी कप खाली ठेवला. तोंड उघडलं. आणि उठून निघाले. गाडीला किल्ली लावली. मागून त्यांनी हाक मारली, "अगं, शेंगदाणं तरी घिऊन जा." मी वळले नाही.

घरी येऊन हा लेख लिहायला बसले. पुरवणीच्या संपादकांना मी सरांवर लिहीन असं कळवलं होतं, ते आधीच. त्यात सरांच्या गमती लिहायच्या, थोडं हळहळायचं आणि संपवायचं, असा माझा बेत होता. माझ्यासारख्या संशयी बाईनं स्वतःवरही थोडा संशय घ्यायला हवा होता. काकू रविवारी सकाळी चहा झाल्यावर वाचायला बसतात, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत, काही सोडत नाहीत. मधेच हा लेख येईल. वरचं नाव बघून त्यांचं बोट थांबेल. आणि त्या तो मोठ्यानं वाचतील, कारण मनात वाचलेलं त्यांना कळत नाही. समोर खुर्ची असेल.

काकू, तर आता हे वाचा. हळू वाचा. सर ऐकतायत. पोरं त्या दिवशी निघाली होती. बाळूनं दुकानाचं शटर ओढायला घेतलं होतं, दोघीतिघींनी तर घरी निरोप ठेवून चपला घातल्या होत्या. त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात राग नव्हता. त्यांना मी अडवलं. तुम्ही वाळूत ज्यांची वाट बघत होता, ती माझ्यामुळं आली नाहीत. मी शितल.